राइट पॉइंटर पुढे गेला, नोंद मात्र जुनीच

प्रश्न थोडक्यात असा: ग्राफिक्स इंजिन सहा नोंदींच्या एका छोट्या गोल बफरमध्ये कॉन्टेक्स्ट (इंजिनवर चालणारं एकेक काम) बदलल्याच्या घटना लिहितं. राइट पॉइंटर हार्डवेअर हलवतं आणि त्याची एक प्रत मेमरीत ठेवतं, रीड पॉइंटर ड्रायव्हर हलवतो. तक्रारी तीन आहेत. रीसेटनंतर कधी पहिलीच घटना गायब होते. कधी रीसेटआधीच्या घटना पुन्हा आल्यासारख्या दिसतात. आणि हजारोंत एखाद्या वेळी राइट पॉइंटर पुढे सरकलेला असतो, पण त्या जागी शिळी नोंद हाती लागते. यावर तोडगा म्हणून तुम्ही राइट पॉइंटर मेमरीतल्या प्रतीऐवजी दरवेळी थेट इंजिनच्या रजिस्टरमधून वाचायला लागलात, तक्रारी कमी झाल्या, आणि आता हेच कायम ठेवावं का, असं विचारताय.

ठेवू नका. तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत आणि रजिस्टर वाचल्याने त्यातलं एकही पूर्ण जात नाही. रजिस्टरचं वाचन कॅशेमधून होत नाही, प्रोसेसर उत्तर येईपर्यंत ताटकळतो. त्या ताटकळण्यात नोंद मेमरीत पोचायला वेळ मिळतो, म्हणून तिसरी तक्रार दबली. मध्ये एक प्रिंट टाकली असती तरी ती दबली असती. अशा "दुरुस्त्या" मी स्वतः केल्या आहेत, आणि सहा महिन्यांनी जरा वेगवान मशीनवर त्या उघड्या पडलेल्याही पाहिल्या आहेत.

तुम्ही वर्णन केलेली रचना इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीपासून, म्हणजे २०१४ पासून, चालत आलेल्या कॉन्टेक्स्ट स्टेटस बफरसारखीच आहे, तेव्हा उदाहरणं तिथलीच घेतो. लिनक्सच्या आय-नाइन-वन-फाइव्ह ड्रायव्हरने या बफरशी अनेक वर्षं झटापट केली आहे, आणि त्या कोडमधल्या टिपण्या कुठल्याही मॅन्युअलपेक्षा जास्त शिकवतात. तिथे प्रत्येक नोंद ६४ बिटांची असते: सुरुवातीच्या पिढ्यांत खालच्या अर्ध्यात काय घडलं त्याचे बिट, वरच्या अर्ध्यात कुठल्या कॉन्टेक्स्टबाबत घडलं त्याचा आयडी. सुरुवातीला नोंदी ६ होत्या, नंतरच्या आइसलेक पिढीपासून १२ झाल्या.

आधी एक गोष्ट कागदावर लिहून घ्या, कारण पहिल्या दोन तक्रारी तिच्यातूनच निघतात. पॉइंटर म्हणजे "शेवटची लिहिलेली नोंद" की "पुढची रिकामी जागा"? या बफरमध्ये राइट पॉइंटर शेवटच्या लिहिलेल्या नोंदीवर असतो. म्हणून रीड पॉइंटरही शेवटच्या वाचलेल्या नोंदीवर ठेवायचा, आणि लूपमध्ये आधी वाढवायचं, मग वाचायचं. रीड ४ वर आहे आणि राइट १ वर, तर वाचायच्या नोंदी ५, ० आणि १. ६ ही दोनची घात नसल्यामुळे मास्क लावून (वरचे बिट कापून) पॉइंटर गुंडाळता येत नाही. ५ च्या पुढे गेलं की ० करा, इतकं साधं. कोणी सवयीने ७ चा मास्क लावला तर ड्रायव्हर ६ आणि ७ या अस्तित्वात नसलेल्या जागा वाचतो, आणि मेमरीतल्या प्रतीत तिथे भलतंच काही असतं.

आता रीसेट. रीसेटनंतर हार्डवेअर पहिली घटना ० या जागी लिहितं. बहुतेक लोक, मीही एकेकाळी, रीसेटच्या फंक्शनमध्ये रीड पॉइंटर ० करून मोकळे होतात. सगळं शून्य करणं स्वच्छ वाटतं. मग काय होतं पाहा: हार्डवेअर ० या जागी लिहितं, राइट पॉइंटर ० होतो, इंटरप्ट येतो, ड्रायव्हर पाहतो की रीड ० आणि राइटही ०, म्हणजे बफर रिकामा. काम इंजिनवर सुरू झाल्याची घटना कायमची गेली. पुढची घटना १ वर येते, ती मात्र व्यवस्थित वाचली जाते. आता ड्रायव्हरच्या हिशेबात एक काम सुरूच न होता संपलेलं असतं. ही तुमची पहिली तक्रार. उत्तर: रीड पॉइंटर शेवटच्या जागेवर, सहा नोंदी असतील तर ५ वर आणि बारा असतील तर ११ वर ठेवायचा.

दुसरी तक्रार याच्याच पोटातून येते. तुम्ही रीड पॉइंटर ५ केलात, छान. पण राइट पॉइंटरची मेमरीतली प्रत कोण बदलणार? इंजिन रीसेट झालं म्हणून मेमरीतलं पान आपोआप पुसलं जात नाही. तिथे रीसेटआधीचा आकडा, समजा ३, तसाच बसलेला असतो. पुढच्या खेपेला लूप चालला की ड्रायव्हरला रीड ५, राइट ३ दिसतं, आणि तो ०, १, २, ३ या चार जुन्या नोंदी नव्या समजून वाचतो. म्हणून रीसेटनंतर मेमरीतली प्रतही स्वतः ५ करायची, त्यानंतर राइट बॅरियर (आधीचं लिखाण आधीच दिसेल याची हमी देणारी सूचना), आणि मगच इंजिनला काम द्यायचं. आइसलेकची तर आणखी एक खोड आहे: रीसेटमध्ये ते कधीकधी स्वतःचे पॉइंटर रीसेट करायलाच विसरतं. त्यामुळे ड्रायव्हर रजिस्टरमध्येही रीड आणि राइट दोन्ही आकडे जबरदस्तीने लिहितो. त्या रजिस्टरच्या वरच्या १६ बिटांत कुठले बिट बदलू द्यायचे ते सांगावं लागतं. ते विसरलात तर लिहिणं मुकाट्याने वाया जातं आणि तुम्हाला वाटतं की लिहिलं.

रीसेटच्या आधीचंही एक काम आहे, ते हमखास राहून जातं. इंजिन थांबवल्यावर, पण पॉइंटर हलवण्याआधी, बफरमध्ये उरलेल्या घटना वाचून संपवा. रीसेटच्या ऐन तोंडावर एखादं काम पूर्ण झालेलं असू शकतं. ती घटना न वाचता पॉइंटर फिरवलात तर पूर्ण झालेल्या कामालाच अडकलेलं काम समजून शिक्षा द्याल.

"रीसेट" म्हणजे नक्की कशाने काय पुसलं जातं, हेही गृहीत धरू नका. ब्रॉडवेलवर मशीन हलक्या झोपेत गेलं तर ही रजिस्टरं जशीच्या तशी राहतात, रॅम-सस्पेंडमध्ये मात्र पुसली जातात. इंटेलच्याच चेरीव्ह्यू चिपवर दोन्हींत पुसली जात नाहीत. आणि पुसली गेली की राइट पॉइंटरचे सगळे बिट १ होतात, म्हणजे ७, आणि सहा नोंदींच्या बफरमध्ये ७ नावाची जागाच नाही. जुन्या कोडमध्ये यासाठी खास सोय होती: हार्डवेअरचा आकडा वाचा, ७ दिसला तर ५ धरा. एकाच पिढीत झोपेच्या प्रकारानुसार वागणूक बदलते म्हटल्यावर "माझ्याकडे सस्पेंड चालतं" या वाक्याला फारसा अर्थ राहत नाही. हल्लीचा शहाणपणा असा की हार्डवेअरला विचारत बसायचं नाही, जागं झाल्यावर स्टेटस पान (मेमरीतलं ते पान, जिथे नोंदी आणि पॉइंटरची प्रत असते) मुद्दाम कचऱ्याने भरायचं, पॉइंटर आपण ठरवायचे, आणि कॅशेमधल्या त्या पानाच्या ओळी फ्लश करायच्या. कचरा भरण्याचा फायदा असा की कुठे कोणी जुन्या मजकुरावर विसंबून असेल तर तो लगेच तोंडघशी पडतो.

आता तिसरी तक्रार. खरं दुखणं इथे आहे.

आधी साध्या चुका बाद करा. लूपच्या सुरुवातीला राइट पॉइंटर एकदाच वाचा, स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवा, आणि ती खेप त्याच आकड्यापर्यंत चालवा. कंपायलरला तो पुन्हा वाचायची किंवा आधीच वाचून ठेवायची मुभा देऊ नका, कर्नेलमध्ये यासाठी रीड-वन्स हा मॅक्रो आहे. पॉइंटर वाचल्यानंतर आणि नोंदी वाचण्याआधी रीड बॅरियर. तो नसेल तर प्रोसेसर नोंद आधी उचलून पॉइंटर नंतर पाहू शकतो, आणि मग दोष हार्डवेअरचा नाही, तुमचा. नोंदही एका झटक्यात ६४ बिट वाचा. ३२-३२ चे दोन तुकडे वाचलेत तर स्थिती नव्या घटनेची आणि कॉन्टेक्स्ट आयडी जुन्या घटनेचा, असा संकर हाती येऊ शकतो.

एवढं सगळं नीट असूनही शिळी नोंद मिळते का? हो, मिळते. मी पहिल्यांदा ती पकडली तो ट्रेस (ड्रायव्हरने टिपलेला घटनाक्रम) अजून आठवतो. रीड ३, राइट ४. ४ या जागी कॉन्टेक्स्ट २७, स्थिती "पूर्ण". पण २७ कधीचाच संपला होता, इंजिनवर ३१ चालू होता. टीममध्ये दोन दिवस वाद: हार्डवेअरने घटना दोनदा पाठवली, की आम्हीच आयडी पुन्हा वापरला? शेवटी मी ट्रेस उलट्या दिशेने बोटाने मोजत गेलो. २७ पूर्ण झाल्याची खरी घटना बरोबर सहा घटना मागे होती. पाच नाही, सात नाही. म्हणजे हार्डवेअरने काहीही दोनदा पाठवलं नव्हतं. त्या जागेवर मागच्या फेरीत जे होतं तेच आम्ही वाचलं होतं. चुकीची नोंद दिसली की आधी ती बरोबर एका फेरीइतकी जुनी आहे का, ते मोजा. असेल तर नोंद शिळी आहे, आणि पॉइंटरच्या हिशेबात चूक शोधत बसू नका.

कारण असं की इंजिन नोंद आधी लिहितं आणि पॉइंटर नंतर, पण प्रोसेसरच्या नजरेला ते त्याच क्रमाने दिसेलच याची हमी काही पिढ्यांमध्ये मोडलेली आहे. आइसलेक आणि तिच्यानंतरची टायगरलेक या दोन्हींसाठी ही हार्डवेअरचीच त्रुटी म्हणून नोंदलेली आहे. तुमचा बॅरियर प्रोसेसरच्या वाचनांचा क्रम लावतो. समोरच्याचं लिखाण अजून वाटेतच असेल तर त्याला बॅरियर काय करणार? मांडणीकडे पाहिलं की एक गंमत दिसते. जुन्या मांडणीत स्टेटस पानाच्या ६४ व्या बाइटपासून सहा नोंदी, म्हणजे ४८ बाइट, आणि राइट पॉइंटर १२४ व्या बाइटवर. सगळं ६४ बाइटांच्या एकाच कॅशे ओळीत. बारा नोंदी झाल्यावर त्यांनाच ९६ बाइट लागले आणि पॉइंटर १८८ वर गेला: पहिल्या आठ नोंदी एका ओळीत, उरलेल्या चार आणि पॉइंटर दुसऱ्या ओळीत. पॉइंटर ताजा आणि नोंद शिळी असायला आता हक्काची जागा झाली.

यावरचा उपाय मला मनापासून आवडतो, कारण त्यात वेळेवर भरवसा नाही. नोंद वाचून झाली की ती जागा आपणच "विषारी" करायची: ६४ च्या ६४ बिट १. अशी खरी घटना हार्डवेअर कधीच लिहीत नाही. पुढच्या फेरीत पॉइंटर त्या जागेपर्यंत आला आणि तिथे अजूनही सगळे बिट १ दिसले, तर नोंद पोचलेली नाही हे पक्कं. मग थोडं थांबायचं. आय-नाइन-वन-फाइव्हमध्ये ही मुदत १० मायक्रोसेकंद आहे. तेवढ्यात नोंद आली तर उत्तम, नाही तर फक्त त्या एका नोंदीपुरतं रजिस्टरमधून वाचायचं. तुमचं रजिस्टर-वाचन नेमकं इथे शोभतं: शेवटचा आधार म्हणून, आणि पॉइंटरसाठी नव्हे तर नोंदीसाठी. हे विषारीकरण रीसेटच्या फंक्शनमध्येही करायला विसरू नका, नाहीतर रीसेटनंतरच्या पहिल्या फेरीत शिळी नोंद ओळखायला खूणच नसते.

याआधीचा एक उपाय म्हणजे प्रत्येक खेपेनंतर बफरची दोन्ही टोकं कॅशेमधून हाकलणं. तोही ठेवा, स्वस्त आहे, पण त्याने शक्यता कमी होते, शून्य होत नाही.

बफर भरून वाहिला तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. ड्रायव्हर झोपला आणि दरम्यान बरोबर सहा घटना आल्या, तर राइट पॉइंटर फिरून रीड पॉइंटरवरच येतो आणि बफर रिकामा दिसतो. सहा घटना गेल्या, आणि कुठे काही खूण नाही. या बफरमध्ये ओव्हरफ्लोचा बिट नाही, म्हणून बचाव काम देण्याच्या बाजूने करावा लागतो: इंजिनला कामांची एक जोडी (दोन पोर्टवर एकेक) दिली की तिची पोच घटनेच्या रूपात दिसेपर्यंत दुसरी द्यायची नाही. मग वाटेत असलेल्या घटनांची संख्या मोजकीच राहते आणि पूर्ण फेरी मारलीच जात नाही. (पोच येण्याआधी पुन्हा सबमिट केलं तर हार्डवेअरचाही गोंधळ उडतो, तेव्हा हा नियम तसाही पाळावा लागतो.) कामगिरीच्या नावाखाली कोणी ही वाट पाहणं काढून टाकायला निघालं तर त्याला हा परिच्छेद दाखवा.

एएमडीच्या ड्रायव्हरमधली इंटरप्टची रिंग याच्या उलट विचाराने बांधलेली आहे. तिथे इंटरप्ट कोण कधी पाठवील यावर ड्रायव्हरचा ताबा नसतो, म्हणून रिंग मोठी, आकार दोनच्या घातीत, आणि राइट पॉइंटरच्या शब्दातच ओव्हरफ्लोचा बिट. पॉइंटर बाइटांत मोजतात आणि तो पुढच्या रिकाम्या जागेवर असतो. नोंद आधी १६ बाइटांची होती, व्हेगा (Vega) पिढीपासून ३२ ची. ओव्हरफ्लो दिसला की रीड पॉइंटर राइटच्या एक नोंद पुढे ठेवतात, म्हणजे अजून पुसली न गेलेली सगळ्यात जुनी नोंद, आणि तिथून गाडी पुढे. रोजचं वाचन तिथेही मेमरीतल्या प्रतीवरूनच होतं. ओव्हरफ्लोचा बिट दिसला तरच रजिस्टर वाचून खात्री करतात. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळ्या रचना, आणि रजिस्टरची जागा दोन्हीकडे तीच: संशय आला तर.

रीड पॉइंटरबद्दल थोडं. त्याला मालक एकच हवा. इंटरप्ट हँडलरने फक्त टास्कलेट (हँडलर संपल्यावर कर्नेल चालवतं ते छोटं फंक्शन) जागं करावं, वाचन टास्कलेटने करावं. हँडलर आणि टास्कलेट दोघांनीही "जमलं तर वाचून टाकू" केलं की कुणीतरी एक नोंद दोनदा वाचतोच. इंटरप्ट मोजून घटना मोजू नका, एका इंटरप्टमागे तीन घटना असू शकतात आणि शून्यही. शून्य ही चूक नाही, मागच्या खेपेने आधीच वाचून टाकलं इतकंच. त्यासाठी इशारा छापू नका, लॉग भरून जातो आणि मग खरा इशारा दिसत नाही. डीबगसाठी बफर छापणाऱ्या फंक्शनने पॉइंटर पाहावा, हलवू नये, आणि जागा विषारीही करू नये. हे उघड वाटतं. मी एकदा पंधरवडा घालवला तो नेमका याच चुकीत: हँग झाल्यावर स्थिती छापणारं फंक्शन वाचनाचंच फंक्शन बोलावत होतं, त्यामुळे स्थिती छापली की हँग सुटायचा.

तपासणी करताना प्रत्येक नोंदीला ड्रायव्हरच्या समजुतीशी पडताळा. नोंदीतला कॉन्टेक्स्ट आयडी आपण पोर्टवर दिलेल्या कामाचाच आहे का? इंजिन रिकामं असताना "पूर्ण" कसं आलं? जुळलं नाही तर पुढे रेटू नका, तिथेच थांबून रीड, राइट, सगळ्या नोंदी आणि दोन्ही पोर्ट ट्रेसमध्ये टाका. चुकीच्या नोंदीवर पुढे गेलेला ड्रायव्हर पडतो तो पाचशे घटना पलीकडे, आणि तोवर पुरावा ऐंशी वेळा पुसलेला असतो.

आणि रीसेटची चाचणी घ्याल तेव्हा राइट पॉइंटर सहाही जागांवर असताना घ्या. आमची चाचणी तीन कामं एकामागून एक चालवून मग रीसेट मारायची. दर कामाच्या दोन घटना, एक सुरू झाल्याची आणि एक संपल्याची, म्हणजे सहा. ५ वरून निघालेला पॉइंटर सहा पावलांनी पुन्हा ५ वर. मेमरीतली प्रत रीसेटमध्ये बदलायची आम्ही विसरलो होतो, पण तिथे आधीच ५ असायचा, आणि चाचणी वर्षभर रोज रात्री पास होत राहिली.